मनुबाईच्या चार ओळी

सन त्रेचाळीसमध्ये सरकारनं आकारामला उर्दू शिकवायला घेतली, आणि तीसुद्धा इंग्रजी अक्षरांत. आकाराम हा शिराळ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला मराठा गडी. त्याच्या घरात धाकटा भाऊ नाथाजी सोडला तर कुणी पाटीवर रेघ ओढलेली नव्हती. त्याला मराठी शिकवली असती तर निदान पोथी वाचता आली असती. इंग्रजी शिकवलं असतं तर साहेबाच्या शिव्या तरी कळल्या असत्या. पण सरकारचा हिशेब वेगळा. पलटणीतले पठाण, मद्रासी, मराठे एका हुकमात हलवायचे तर भाषा एक पाहिजे, म्हणून उर्दू; आणि साहेबाला ती वाचता आली पाहिजे, म्हणून अक्षरं इंग्रजी. आकारामच्या तर ती ना तोंडातली भाषा, ना डोळ्याखालची लिपी. तरी सरकारनं त्यावर सढळ हातानं खर्च केला. पुस्तकं छापली, शिकवायला हवालदार नेमले, परीक्षा पास होणाऱ्याला बढतीची आशा लावली. शिवाय शिकलेलं अंगी मुरावं म्हणून एक नियम काढला. प्रत्येकानं दर आठवड्याला घरी एक पत्र लिहायचं, त्याच भाषेत, त्याच अक्षरांत.

पत्र पोचल्यावर घरी ते वाचणार कोण, याचा विचार कुठल्याच कचेरीत झाला नव्हता. तो मनुबाईला करावा लागला.

मनुबाई आकारामची बायको. वय विशीच्या आतबाहेर, अंगानं काटक, बोलणं मोजकं. आकाराम पलटणीत गेला तेव्हा त्यांची हौसा आठ महिन्यांची होती. मधे सुट्टी मिळेल असं तो म्हणाला होता, पण सुट्टीच्या आधीच पलटण बोटीवर चढली आणि समुद्रापार गेली. दिवाळी सरल्यावर त्या अक्षरांतलं पहिलं पत्र आलं. नाथाजी मराठी चौथी शिकलेला, वाडीत त्याची अक्कल वाखाणली जायची. त्यानं कागद सरळ धरला, आडवा धरला, शेवटी उलटा धरला आणि म्हणाला, "ह्ये साह्यबाचं लिव्हणं हाय. वैनी, बाजारला जाशील तवा पोस्टात वाचून घ्ये."

बाजारच्या दिवशी मनुबाई वांग्यांची पाटी विकून पोस्टात गेली. पोस्टमास्तरांनी कागद हातात घेतला आणि घडाघडा वाचायला लागले, "मैं यहां खैरियत से हूं, वालिदा साहिबा को..." आणि थांबले. अक्षरं त्यांना येत होती, पण त्यांचा आणि उर्दूचा संबंध तांबोळ्याच्या दुकानातल्या बोलण्यापुरता. वालिदा कोण आणि खैरियत कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. तेवढ्यात बाहेरच्या बाकावर जैनुद्दीन मास्तर दिसले. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, लेक हैदराबादेला. लेकाचं पत्र आलं का हे बघायला ते रोज पोस्टात येत आणि बहुधा रिकाम्या हातानं परत जात. पोस्टमास्तरांनी त्यांना आत बोलावलं. जैनुद्दीन मास्तरांना उर्दू मुखोद्गत, पण इंग्रजी अक्षरं त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत.

मग दोघांनी मिळून तो गाडा ओढला. पोस्टमास्तर न समजता मोठ्यानं वाचायचे, जैनुद्दीन मास्तर डोळे मिटून ऐकायचे आणि मराठीत सांगायचे. खिडकीच्या अलीकडे मनुबाई पदर दातांत धरून उभी. दोन परक्या पुरुषांच्या तोंडून नवरा तिच्याशी बोलत होता. तो खुशाल आहे. आईला दंडवत. म्हशीला जपा. आणि शेवटी जैनुद्दीन मास्तर हसून म्हणाले, "विचारलंय, हौसा आता बोलत असेल, मला काय म्हणते?"

"बोलती म्हून सांगा," मनुबाई म्हणाली. ती कागद घेऊन निघाली, आणि पेठ संपून ओढा लागेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

कारण हौसा बोलत नव्हती. हौसा नव्हतीच. श्रावणात पंचमी होऊन आठ दिवस झाले असतील नसतील, वाडीत पटकी आली आणि एका दिवसात पोर गेली. सकाळी अंगणात खेळत होती, दिवस मावळायच्या आत तिला मातीआड करून माणसं परत आली. सासू शालूबाईनं त्याच आठवड्यात सगळ्यांना बजावलं, "आकारामला कुणी कळवायचं न्हाई. पोरगं तोफंच्या तोंडी हाय. त्येचं ध्यान हिकडं लागलं तर मी दोगांस्नी मुकंन." म्हातारीचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिनं आपलं पोर राखलं. पण त्यासाठी घरात हौसाचं नाव घेणंच बंद झालं. आकारामला लपवायचं म्हणून सुरुवात झाली आणि मग सवय पडली. पाळणा कुणाला तरी देऊन टाकला, झबली चुलीत गेली. मनुबाई रडायला लागली की सासू उठून गोठ्यात जायची.

आणि नाथाजी महिन्याला एक पत्र धाडत होता. मराठीत, ठसठशीत अक्षरात. पलटणीतल्या जोडीदारांपैकी कुणीतरी ते आकारामला वाचून दाखवील, हे गृहीत. तो लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणायचा आणि शालूबाई भर घालायची. हौसा आता आबा म्हणते. हौसाला दाढा आल्या. हौसा शेरडामागं धावते. मेलेली पोर कागदावर वाढत होती, आणि मनुबाई चुलीपुढं भाकरी थापत ते ऐकत होती. एकदा शालूबाई भान विसरून म्हणाली, "लय वांड झाली म्हून लिव्ह," आणि तिच्या तोंडावर खरंच कौतुक आलं. मनुबाईची भाकरी त्या दिवशी करपली. त्यावरून बोलणी तिनंच खाल्ली.

फाल्गुनात आकारामच्या पत्रात एक मागणी आली. हौसाच्या पावलाचा ठसा कागदावर घेऊन पाठवा, जोडीदाराच्या घरून त्याच्या लेकाचा आलाय. नाथाजीनं शेजारच्या चंद्राबाईच्या नातीला उचलून आणलं, तिच्या तळपायाला काजळ फासलं, आणि कागदावर पाऊल उमटवून टपालात टाकलं. चंद्राबाईची नात हसत होती, तिला गुदगुल्या होत होत्या. मनुबाई ते सगळं बघत उंबऱ्यात उभी होती. हौसाचं पाऊल अरुंद होतं, अंगठ्याशेजारचं बोट लांब होतं. हे पाऊल फेंगडं आणि रुंद. आता आकाराम ते परकं पाऊल छातीशी धरणार होता. त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं की आकारामला खरं कळवायचं, आणि ते आपण कळवायचं.

कळवायचं कसं, हा खरा प्रश्न. नाथाजी लिहिणार नव्हता. पोस्टमास्तर मराठीत दोन ओळी खरडू शकले असते, पण मराठी पत्र तिकडं दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून आकारामच्या कानावर पडणार. कुठल्या तरी वाडीचा कुणी तरी शिपाई त्याला सांगणार की तुझी पोर मेली. ते तिला नको होतं. इंग्रजी अक्षरं मात्र आकारामला स्वतःला येत होती, दिवाळीपासून त्याची पत्रं येत होती की! त्या अक्षरांत लिहिलं तर तो एकटा बाजूला जाईल, एकटा वाचील, आणि दोघांच्या मधे तिसरं तोंड येणार नाही. पुढच्या बाजारी तिनं जैनुद्दीन मास्तरांना सगळं सांगितलं. पोर गेल्यापासून ती इतकं कुणाशीच बोलली नव्हती. मास्तर म्हणाले, "मी तुला हसत हसत इचारलं हुतं, पोरी. मला काय ठावं."

योगायोग असा की त्याच सुमारास साताऱ्याच्या कुठल्याशा कचेरीतून मास्तरांच्या नावे एक सरकारी कागद आला होता. शिपायांच्या घरच्या माणसांना ही नवी पत्रं वाचता यावीत म्हणून सरकार वर्ग काढू इच्छिते. उर्दू जाणणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी ते चालवावेत, मानधन मिळेल, पुस्तकं मिळतील. निदान हे तरी कुणाच्या तरी ध्यानात आलं म्हणायचं. मास्तरांनी होकार कळवला. आपल्याला इंग्रजी अक्षरं येत नाहीत हे त्यांनी सरकारला कळवलं नाही, आणि सरकारनंही विचारलं नाही.

अशा रीतीनं पोस्टाच्या पडवीत वर्ग सुरू झाला. हजेरीपटावर नावं अकरा, येणारी मनुबाई एकटी, आणि शिकवणारा मास्तर तिच्या शेजारी बसून तिच्याबरोबर अक्षरं गिरवतोय. शिकवायचे पोस्टमास्तर, तेही टपालाची पिशवी बांधता बांधता. अक्षरं मास्तरांपेक्षा मनुबाईला लवकर आली. उर्दू मात्र तिला मास्तरांनी दिली, एकेक वाक्य, हळूहळू. बाजार आठवड्यातून एकदाच, म्हणून उरलेले सहा दिवस ती चुलीपुढं राख पसरून बोटानं अक्षरं काढायची आणि सासूची चाहूल लागली की हातानं पुसून टाकायची. सगळ्यात आधी तिनं एच धरला. दोन उभ्या मेढी आणि मधे आडवं लाकूड, तिच्या गोठ्याच्या दारासारखा. हौसाचं नाव तिथून सुरू व्हायचं.

पावसाळ्याच्या तोंडी साताऱ्याहून तपासणीला एक साहेब आले. गोरे नव्हेत, आपलेच, पण टोपी गोऱ्याची. अकरा नावं आणि एक बाई बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मास्तर घामाघूम. साहेब मनुबाईला म्हणाले, "बाई, तुम्हाला येईल ते लिहून दाखवा." मनुबाईनं पाटी घेतली आणि एकच शब्द लिहिला. साहेबांनी वाचला. "हौसा. हे काय?"

"त्यांच्या मुलीचं नाव हाय, हुजूर," मास्तर म्हणाले.

"वा! केवढी आहे मुलगी?"

मनुबाईनं पाटी मांडीवर पालथी घातली. मास्तर म्हणाले, "ल्हान हाय, हुजूर." साहेब खूश झाले. शिपायाची खेड्यातली बायको लिहायला शिकली, सरकारचा खर्च कारणी लागला, असा त्यांनी मोठा शेरा मारला आणि दुपारच्या मोटारीनं निघून गेले. पडवीत तिघं उरली. त्या दिवशी पुढं शिकवणं झालं नाही.

दिवाळीच्या सुमाराला मनुबाईचं पत्र तयार झालं. मास्तरांनी शब्द सुचवले, पण लिहिलं तिनं, अकरा वेळा खाडाखोड करून. एकंदर चार ओळी. हौसा अब नहीं है. पिछले साल सावन में हैजे से गई. कागज पर जो पांव है वो हमारी हौसा का नहीं. घर में कोई उसका नाम नहीं लेता, आप लेना. पोस्टमास्तरांनी पत्ता घातला, शिक्का मारला. मनुबाई त्या दिवशी वाडीकडं जाताना कितीतरी दिवसांनी मोकळं चालली. आता निदान एक माणूस असेल, कितीही लांब का असेना, जो तिच्यासोबत रडेल.

उत्तर यायला तीन महिने लागले. आलेलं पत्र तिनं कुणाला दाखवलं नाही. बाजारातून येताना ओढ्याच्या कडेला दगडावर बसून स्वतः वाचलं. तो खुशाल आहे. आईला दंडवत. थंडी फार आहे. म्हस व्याली का? पुढं सही. तिनं पुन्हा पहिल्यापासून एकेका अक्षरावर बोट ठेवलं. मोठा एच कुठंच नव्हता. तिला वाटलं, पत्र पोचलं नसेल. पण आधीच्या प्रत्येक पत्रात हौसाची चौकशी असायची, ती नेमकी आताच थांबली होती. म्हणजे पोचलं होतं. पुढच्या पत्रातही हौसा नव्हती, त्याच्या पुढच्यातही नाही. वर्षभर पत्रं येत राहिली आणि एकातही पोरीचं नाव आलं नाही. नाथाजी मात्र इकडून लिहीत होता, हौसा बरी आहे.

पोर गेली तेव्हाही मनुबाई इतकी एकटी नव्हती. तेव्हा तिला वाटायचं, त्याला माहीत नाही म्हणून तो रडत नाही. आता त्याला माहीत होतं. नाव घे म्हणून तिनं विनवलं होतं, त्यानं घेतलं नव्हतं. जैनुद्दीन मास्तरांनी एकदा हळूच विचारलं, "काय लिव्हलं का गं?" ती म्हणाली, "म्हस व्याली का म्हून इचारलंय." त्यानंतर तिनं वर्गाला जाणं सोडलं. लढाई थांबली, कचेरीतून पत्र आलं की वर्गाची मंजुरी संपली, आणि मास्तर पुन्हा नुसते लेकाच्या पत्रासाठी पोस्टाच्या बाकावर बसायला लागले.

आकाराम सेहेचाळीसच्या माघात परत आला. वाळलेला, कानशिलावर केस पिकलेले. शालूबाईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लगेच त्याच्या पायाशी बसून रडायला लागली. "आकारामा, माझ्या लेकरा, तुला येक सांगायचं राह्यलंय..."

"मला ठावं हाय, आई," तो म्हणाला. नाथाजीचा चेहरा पांढराफटक पडला. आकारामनं त्याला एका शब्दानं विचारलं नाही. पाणी प्याला, बैलांकडं गेला. आठ दिवस तो असाच. मनुबाईशी बोलायचा, पण कामापुरतं. तीही तेवढंच बोलायची.

नवव्या दिवशी दोघं शाळू काढायला रानात गेली. दुपारी बांधाच्या बाभळीखाली भाकरी सोडली, आणि मनुबाईला राहवलं नाही. "आवं, माझं पत्र मिळालं व्हतं न्हवं?"

"मिळालं."

"मग वरीसभर तिचं नाव का काढलं न्हाईसा? म्हशीचं लिव्हलंसा. तुमच्या हातानं तिचं नाव लिव्हवत नव्हतं व्हय?"

आकारामनं हातातला तुकडा खाली ठेवला. "माझ्या हातानं? मला कुटं लिव्हता येतंय, मनू?"

"मग ती पत्रं?"

"दोनदा परीक्षा दिली, दोनदा नापास. डोस्क्यात शिरंच ना. सगळी पत्रं माझा जोडीदार, ऐतवड्याचा भाऊसो लिव्हायचा. मी सांगायचं, त्यो लिव्हायचा, पढाईच्या हवालदाराला दावायचं. तुझं पत्र आलं तवा मी त्येच्याकडंच दिलं. त्येनं वरचं तुझं नाव वाचलं आन् उडीच मारली. वैनींनी लिव्हलंय! तसाच पळत हवालदाराकडं. हवालदार बी खूश. साऱ्या वर्गाला उभं केलं, चाळीस गड्यांस्नी. म्हनला, बगा, सरकार शिकवतंय तर खेड्यातली बाई शिकली, आन् तुमी नापास व्हताय. आन् मोठ्यांदा वाचाय लागला."

मनुबाईनं तोंडावर हात धरला.

"दुसऱ्या वळीला त्येचा आवाज ग्येला. पर सुरू क्येलं म्हून त्येनं शेवटपातुर वाचलं. चाळीस जन माझ्याकडं बघत व्हतं. मला रडाय बी येईना. त्या दिसापास्नं मी भाऊसोला सांगितलं, पोरीचं काय लिव्हू नगंस. नाव काढलं की त्यो हात थांबवून माझ्या तोंडाकडं बघायचा. कुनाच्या फुडं घ्यायचं नाव? येकटं म्हून कदी कुनी सोडलंच न्हाई."

वारा सुटला होता, शाळवाची ताटं एकमेकांवर घासत होती. मनुबाईला चार ओळींसाठीची अकरा खाडाखोडी आठवल्या, ती राख आठवली. तिसरं तोंड नको म्हणून केलेला तो सगळा खटाटोप होता. तिला आकारामचा राग यायला हवा होता, पण येईना.

"आता सांग," आकाराम म्हणाला. "तुझ्या तोंडानं सांग. मला ती भाषा निम्मीच कळली."

मनुबाईनं तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं की हे आपण मराठीत कधी बोललोच नाही. पोर गेली तेव्हा सगळी समोर होती, कुणाला सांगायची गरज पडली नाही, आणि नंतर बोलायची बंदी. मास्तरांना पत्रांचं, पावलाचं सगळं सांगितलं तेव्हाही पोरीबद्दल तिनं नुसतं 'पोर ऱ्हायली न्हाई' एवढंच म्हटलं होतं, नाव न घेता. तिला शब्द जुळवायला वेळ लागला.

"आपली हौसा ग्येली," ती म्हणाली.

"हौसा," आकाराम म्हणाला. मग थोड्या वेळानं, "सकाळी काय करत व्हती हौसा?"

"अंगनात चिखलाच्या भाकऱ्या करत व्हती. मला येक दिली."

"मग?"

"मग उलट्या लागल्या. दुपारपातुर डोळं आत ग्येलं."

"हौसानं पानी मागितलं व्हतं?"

"मागितलं. दोनदा." मनुबाईनं पदराचं टोक हातात घेतलं. "पटकीत पानी देऊ न्हाई म्हनत व्हती समदी. तुमच्या आईनं तांब्या उचलून न्हेला."

"आन् तू?" आकाराम म्हणाला.

"मी दिलं," मनुबाई म्हणाली. "पदर भिजवून आणला आन् पिळला तिच्या तोंडात. दोन्ही बारीला दिलं."

तेव्हा आकाराम रडला.